कुलूप फुकट, अटी लागू

एप्रिल २०१४ मध्ये ज्यांनी घरी बसून टॅक्स रिटर्न भरायला घेतला होता, त्यांना तो आठवडा आठवत असेल. टी-फोरच्या स्लिपा जमवल्या, आरआरएसपीची पावती कुठल्या ड्रॉवरमध्ये ठेवली ते एकदाचं सापडलं, आणि कॉम्प्युटर उघडून बघतो तर कॅनडा रेव्हेन्यू एजन्सीची ऑनलाइन सेवाच बंद. नेटफाइल नाही, ईफाइल नाही, ‘माय अकाउंट’ही नाही. ८ एप्रिलला बंद झालेली दारं १३ तारखेला उघडली. दुसऱ्याच दिवशी एजन्सीनं जाहीर केलं, की सहा तासांच्या अवधीत सुमारे ९०० लोकांचे सोशल इन्शुरन्स नंबर कुणीतरी काढून नेले आहेत. ज्यांचे नंबर गेले त्यांना रजिस्टर्ड पत्रं पाठवली गेली. फोन किंवा ईमेल आम्ही करणार नाही, कारण त्याचा फायदा भामटे घेतील, असंही एजन्सीनं सांगून ठेवलं. रिटर्नची मुदत ३० एप्रिलवरून ५ मेपर्यंत वाढली.

या प्रकरणाचं नाव ‘हार्टब्लीड’. वेबसाइटच्या पत्त्याशेजारी छोटं कुलूप दिसतं ना, ते कुलूप ज्या सॉफ्टवेअरवर चालतं त्यात ती चूक होती. त्या सॉफ्टवेअरचं नाव ओपनएसएसएल. दोन कॉम्प्युटर बोलताना ‘जागा आहेस ना?’ असं एकमेकांना अधूनमधून विचारतात. विचारणारा म्हणतो, ‘लाडू हा शब्द परत पाठव, त्यात दोन अक्षरं आहेत.’ समोरचा ‘लाडू’ परत पाठवतो. चूक एवढीच, की विचारणाऱ्यानं ‘लाडू परत पाठव, त्यात चौसष्ट हजार अक्षरं आहेत’ असं म्हटलं तरी समोरचा ती मोजून न बघता ‘लाडू’ आणि त्यापुढे आपल्या स्मृतीत जे काही पडलं असेल ते सगळं देऊन मोकळा व्हायचा. त्यात पासवर्ड असेल, नंबर असेल, नाहीतर कुलपाची खरी किल्लीच असेल. गूगलचे नील मेहता आणि फिनलंडमधली कोडेनोमिकॉन ही कंपनी, दोघांनी ही चूक स्वतंत्रपणे शोधली. तोवर ती दोन वर्षं जगभरच्या सर्व्हरवर निवांत बसलेली होती.

इतक्या महत्त्वाच्या कुलपाकडे दोन वर्षं कुणी नीट पाहिलं कसं नाही? तेव्हा सगळीकडे एकच उत्तर छापून आलं : पैसा. ओपनएसएसएलला वर्षाकाठी जेमतेम दोन हजार डॉलरच्या देणग्या मिळत आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एक. हे खरंच आहे. पण मी पोटासाठी प्रोग्रामिंग करतो, आणि मला त्यामागे आणखी एक कारण दिसतं, ज्याबद्दल कमी बोललं जातं. ते म्हणजे लायसन्स, म्हणजे फुकट दिलेल्या वस्तूला बांधलेली अटींची चिठ्ठी. आणि त्या चिठ्ठीच्या गोष्टीत आपला कॅनडा पुन्हा पुन्हा येतो.

मुळापासून सांगतो. एन्क्रिप्शनचा कोड कुणीही शहाणा प्रोग्रामर स्वतः लिहीत नाही. गणित अवघड, आणि छोटीशी चूकही महागात जाते. म्हणून तयार कोडचा संच घ्यायचा. त्याला लायब्ररी म्हणतात. घरी चकल्या करताना भाजणी दळून आणावी तसंच. ओपनएसएसएल ही अशीच भाजणी. तिचं मूळ १९९५ च्या सुमाराचं, ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचं. एरिक यंग आणि टिम हडसन या दोघांनी ती लिहिली आणि यंग यांच्या आद्याक्षरांवरून तिचं नाव ‘एसएसएल-ईएवाय’ पडलं.

ऑस्ट्रेलियाच का? कारण तेव्हा अमेरिकेत मजबूत एन्क्रिप्शन हे कायद्यानं शस्त्रास्त्रांच्या यादीत होतं. तोफगोळा देशाबाहेर नेता येत नाही, तसाच हा कोडही. फिल झिमरमन यांनी ‘पीजीपी’ नावाचा प्रोग्राम लोकांना फुकट दिला, तर १९९३ पासून जवळजवळ तीन वर्षं त्यांची फौजदारी चौकशी चालली. त्यामुळे ज्यांना असं सॉफ्टवेअर जगाला द्यायचं होतं ते अमेरिकेबाहेर बसून लिहू लागले. कॅनडाची निर्यात-नियमावली याबाबत सैल होती. जे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं आहे त्याला परवान्याची कटकट नव्हती, फक्त त्यात अमेरिकेतून आलेला माल नको. १ ऑक्टोबर १९९८ ला तेव्हाचे उद्योगमंत्री जॉन मॅन्ली यांनी देशाचं एन्क्रिप्शन धोरण जाहीर केलं, आणि हवं तितकं मजबूत एन्क्रिप्शन बनवायला, आणायला, वापरायला कॅनडाच्या नागरिकांना मोकळीक असल्याचं स्पष्ट केलं.

याचा पुरेपूर उपयोग केला कॅलगरीच्या थिओ द राट यांनी. हेही आपल्यासारखेच बाहेरून आलेले. जन्म दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाचा, लहानपणी कुटुंबाबरोबर कॅनडात आले, शिकले कॅलगरी विद्यापीठात. १९९५ मध्ये त्यांनी ‘ओपनबीएसडी’ नावाची ऑपरेटिंग सिस्टिम सुरू केली आणि तिच्यात एन्क्रिप्शन सुरुवातीपासून गुंफलं. अमेरिकेत बसून हे शक्यच नव्हतं. जून १९९९ मध्ये दहा प्रोग्रामर कॅलगरीत जमले आणि त्यांनी एकत्र बसून एन्क्रिप्शनचं काम केलं. त्या बैठकीला त्यांनी ‘हॅकाथॉन’ म्हटलं. आज आपली मुलं दर दोन महिन्यांनी हॅकाथॉनला जातात, पिझ्झा खातात आणि टी-शर्ट घेऊन घरी येतात. तो शब्द पहिल्यांदा वापरला गेला तो अल्बर्टात, अमेरिकेचे निर्यात-नियम चुकवायला. त्यांना सांगा, त्यांना आवडेल.

इकडे ऑन्टारियोतही काम चालू होतं. ‘फ्री-स्वान’ हा इंटरनेटची वाहतूकच एन्क्रिप्ट करू पाहणारा प्रकल्प. पैसा कॅलिफोर्नियाच्या जॉन गिलमोर यांचा, पण तांत्रिक धुरा टोरोंटोच्या हेन्री स्पेन्सर यांच्याकडे. अमेरिकन माणसानं प्रेमानं पाठवलेली एका ओळीची दुरुस्तीसुद्धा ते घेत नसत. एका ओळीनं सगळा कोड ‘अमेरिकन माल’ ठरला असता!

आता अटींकडे येतो. दिवाळीच आहे, तर फराळाचंच उदाहरण घेऊ.

समजा तुमच्या काकूंनी चकलीची त्यांची खास कृती तुम्हाला दिली. अट अशी : या कृतीनं केलेल्या चकल्या कुणालाही द्या, विकासुद्धा, पण सोबत पूर्ण कृती द्यायची, आणि मी घातलेल्या अटींपलीकडे नवी एकही अट त्यावर लादायची नाही. भाजणी पाठवली मावशींनी, तीही फुकट. त्यांची अट : या भाजणीच्या चकल्यांची जाहिरात जिथे कराल तिथे ‘भाजणी मावशींची’ असं छापायचं. दोघीही उदार आहेत आणि कुणाचंच मागणं अवास्तव नाही. घरात बसून चकल्या खाल्ल्या तर काहीच बिघडत नाही. पण मंडळाच्या दिवाळी स्टॉलवर त्या मांडल्यात की अडलं. मावशींची अट पुढे दिलीत तर ती काकूंच्या दृष्टीनं ‘नवी अट’, आणि नाही दिलीत तर मावशी नाराज. दोन्ही चिठ्ठ्या एकाच डब्यात पाळता येत नाहीत.

काकूंची चिठ्ठी म्हणजे ‘जीपीएल’. रिचर्ड स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं हे लायसन्स. त्याची १९९१ ची दुसरी आवृत्ती आजही असंख्य प्रोग्रामना लागू आहे. मावशींची चिठ्ठी म्हणजे एसएसएल-ईएवायचं, आणि डिसेंबर १९९८ मध्ये तिच्यातून निघालेल्या ओपनएसएसएलचं लायसन्स. हे जाहिरातीचं कलम मूळचं कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठाचं. विद्यापीठाचं नाव छापा, एवढंच त्यांचं म्हणणं. मग प्रत्येकानं ‘विद्यापीठ’ खोडून आपलं नाव घातलं. स्टॉलमन यांनी १९९७ च्या एका सिस्टिममध्ये अशी ओळख-वाक्यं मोजली, ती ७५ भरली. आपल्या स्मरणिकेत शुभेच्छुकांची यादी पानभर जाते तसलाच प्रकार. बर्कलीनं १९९९ मध्ये ते कलम मागे घेतलं, पण यंग यांनी नाही. उलट त्यांच्या चिठ्ठीत साफ लिहिलेलं होतं, की हा कोड उचलून दुसऱ्या लायसन्सखाली घालता येणार नाही, आणि तिथे जीपीएलचं नाव घेऊन तसं म्हटलेलं होतं. हा स्वभाव आपल्याला अनोळखी नाही. वस्तू देताना हात सैल, पण ‘मी दिली’ हे कुणी विसरलेलं मात्र चालत नाही. मला त्यात वाईट काही दिसत नाही. दोन वर्षं राबून जगाला कुलूप फुकट देणाऱ्यानं नाव मागितलं तर बिघडलं कुठे?

बिघडलं ते असं. जगातले अर्धेअधिक मुक्त प्रोग्राम जीपीएलखाली होते, आणि जगातली सर्वांत जास्त वापरातली एन्क्रिप्शन लायब्ररी त्यांना नीट लागू होत नव्हती. जीपीएलमध्ये एक पळवाट आहे : ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर मुळातच येणाऱ्या भागांना या अटी लागू नाहीत. पण लगेच पुढे पोटकलम आहे, की तो भाग आणि प्रोग्राम एकत्रच वाटत असाल तर ही सूट नाही. यावरून दोन मोठ्या घराण्यांत दोन अर्थ निघाले. रेड हॅटवाले म्हणाले, ओपनएसएसएल हा सिस्टिमचाच भाग, चालतं. डेबियन ही जगभरच्या स्वयंसेवकांनी चालवलेली लिनक्स. तिथले लोक म्हणाले, आपण दोन्ही एकाच डब्यातून वाटतो, म्हणजे नाही चालत. कलम तेच, शब्द तेच. वडिलोपार्जित वाड्याच्या वाटणीपत्रावरून दोन भाऊ भांडतात तेव्हाही कागद एकच असतो.

डेबियनच्या या काटेकोरपणाची पुष्कळ चेष्टा झाली. मी त्यांच्या बाजूचा आहे. ज्यांनी फुकट दिलं त्यांची अट पाळायची नसेल तर घेऊ नये, हे साधं आहे. पण त्याची किंमतही मोजावी लागली. डेबियननं अनेक प्रोग्राम ओपनएसएसएलऐवजी ‘ग्नूटीएलएस’ या दुसऱ्या लायब्ररीवर बसवले. ‘एक्झिम’ हा ईमेल पोचवणारा प्रोग्राम, ‘ओपनएलडॅप’ ही ऑफिसातल्या लोकांची सूची ठेवणारी व्यवस्था, आणि ‘गिट’, जे आपल्या मुलांपैकी प्रत्येक प्रोग्रामर रोज वापरतो. गंमत म्हणजे ओपनएलडॅपचं स्वतःचं लायसन्स जीपीएल नाहीच. पण जीपीएलवाले इतर प्रोग्राम त्याला वापरतात, म्हणून सोवळं त्यालाही पाळावं लागलं.

ग्नूटीएलएस जन्मलीच मुळी या लायसन्सच्या अडचणीवर उपाय म्हणून. पण तिच्याही नशिबी तेच आलं. २०११ च्या तिसऱ्या आवृत्तीत तिनं आपलं लायसन्स नव्या नियमांवर नेलं, आणि ज्यांनी ‘फक्त जीपीएल दुसरी आवृत्ती’ असं लिहून ठेवलं होतं त्या प्रोग्रामशी तिचंच जमेना. डेबियन बराच काळ जुनीच आवृत्ती वापरत राहिली. डिसेंबर २०१२ मध्ये तिच्या मुख्य प्रोग्रामरचं ग्नू प्रकल्पाशी वाजलं आणि ते बाहेर पडले. मग लायसन्स पुन्हा मागे आणलं गेलं.

आणि मार्च २०१४ मध्ये, हार्टब्लीडच्या जेमतेम महिनाभर आधी, ग्नूटीएलएसमध्येही एक जीवघेणी चूक सापडली. खोटं प्रमाणपत्र दाखवणाऱ्याला ती खरं समजून आत घेऊ शकत होती. ही चूक जवळजवळ दहा वर्षं जुनी होती. म्हणजे त्या एका वसंत ऋतूत दोन्ही कुलपं सदोष निघाली. मुक्त सॉफ्टवेअरचं आवडतं तत्त्व असं, की पाहणारे डोळे पुरेसे असले की चुका लपत नाहीत. पण डोळे होतेच थोडे, आणि तेही अटींच्या भांडणात दोन घरी वाटले गेले होते. तपासायला एक लायब्ररी असती आणि ती सर्वांची असती, तर हार्टब्लीड झालंच नसतं असं मी म्हणणार नाही. पण जी माणसं एकाच कोडवर बसली असती ती वेगवेगळ्या चिठ्ठ्यांमुळे वेगळी बसली, एवढं नक्की.

हार्टब्लीडनंतर पुन्हा कॅलगरी. ओपनबीएसडीच्या मंडळींनी ओपनएसएसएलचा कोड उघडून पाहिला आणि त्यांना धक्काच बसला. कुणी वापरत नसलेल्या जुन्या यंत्रांसाठीचा कोड तसाच पडून होता, जणू माळ्यावर साठवलेली अडगळ. त्यांनी ‘लिब्रेएसएसएल’ नावाची वेगळी शाखा काढली आणि पहिल्या आठवड्यातच सुमारे ९०,००० ओळी फेकून दिल्या. मे महिन्यात ओटावाच्या ‘बीएसडीकॅन’ परिषदेत बॉब बेक यांनी पहिल्या तीस दिवसांचा हिशोब मांडला. हे करणारी माणसं किती कडकीत होती तेही बघा. त्याच हिवाळ्यात, जानेवारी २०१४ मध्ये, ओपनबीएसडीकडे विजेचं बिल भरायला पैसे नव्हते. सर्व्हर द राट यांच्या कॅलगरीतल्या बेसमेंटमध्ये, वर्षाचं बिल सुमारे २०,००० डॉलर. ‘दिवे चालू ठेवायला मदत करा’ असं त्यांना जाहीर आवाहन करावं लागलं. जगभरच्या कंपन्या ज्यांच्या कोडवर चालतात त्यांची ही स्थिती. हार्टब्लीडनंतर मात्र मोठ्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत दरवर्षी एकेक लाख डॉलर देण्याचं कबूल केलं. चोरी झाल्यावर कुलूप आणायला धावतात तसं.

पैसा आला, तपासणी सुरू झाली, आणि मग ओपनएसएसएलनं त्या जुन्या चिठ्ठीकडे मोर्चा वळवला. मार्च २०१७ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की लायसन्स बदलून ‘अपाची २.०’ करायचं. पण कोड एकट्याचा थोडाच असतो? वीस वर्षांत सुमारे ४०० जणांनी त्यात भर घातलेली. कायद्यानं प्रत्येकाची परवानगी हवी. ईमेल गेल्या. काही पत्ते बंद पडलेले, काही माणसांनी नोकऱ्या बदललेल्या. आणि पत्रात म्हटलं होतं, की तुमचं उत्तर आलं नाही तर तुमची हरकत नाही असं आम्ही समजू. कॅलगरीहून द राट खवळले. मौन म्हणजे संमती, हे लेखकाच्या हक्काच्या बाबतीत कुठल्या कायद्यात बसतं? आपल्याकडे ‘मौनं संमतिलक्षणम्’ म्हणायची पद्धत आहे खरी, पण वडिलोपार्जित जमिनीच्या सात-बारावर नाव लागलेल्या चुलतभावाचं उत्तर आलं नाही म्हणून कुणी जमीन विकून दाखवावी! माझ्या मते द राट यांचं म्हणणं बरोबर होतं आणि ओपनएसएसएलचा हेतूही चांगला होता. असं होतं कधी कधी.

चार वर्षांहून जास्त काळ गेला. सप्टेंबर २०२१ मध्ये ओपनएसएसएलची तिसरी आवृत्ती नव्या लायसन्सखाली बाहेर आली. जाहिरातीचं कलम गेलं. भांडण मिटलं का? अर्धं. अपाची लायसन्स जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीशी जमतं, दुसरीशी नाही, कारण त्यात पेटंटबद्दलची काही कलमं जास्तीची आहेत. आणि ओपनबीएसडीला तर अपाचीच मान्य नाही, म्हणून ओपनएसएसएलमधली नवी दुरुस्ती लिब्रेएसएसएलला सरळ उचलून घेता येत नाही. तेच काम दोनदा करावं लागतं. डेबियननं मात्र २०२० च्या सुमारास आपलं जुनं सोवळं सोडलं आणि ओपनएसएसएलला सिस्टिमचा भाग मानायला सुरुवात केली.

हे सगळं जुनंपुराणं वाटत असेल तर माझ्या भाचीचं ऐका. ती वॉटर्लूला शिकते आणि को-ऑपसाठी एका छोट्या कंपनीत होती. एका रात्री तिचा फोन आला.

“मामा, लायसन्स स्कॅनमध्ये रेड आलंय. रिलीज ब्लॉक झालाय आणि मॅनेजर म्हणतो, इग्नोर कर, कोण बघतंय?”

मी म्हटलं, “आधी काय काय जोडलंयस ते सांग.”

तिच्या प्रोग्राममध्ये एक जुना भाग होता, ‘फक्त जीपीएल दुसरी आवृत्ती’ लिहिलेला, आणि त्याच्याशेजारी ओपनएसएसएलची तिसरी आवृत्ती. म्हणजे आपली काकू आणि मावशीच, फक्त मावशींची चिठ्ठी नवी. आम्ही एकेक वाट तपासली. जुन्या भागाच्या लेखकांकडून ‘ओपनएसएसएलबरोबर चालेल’ अशी एक ओळीची सूट मागायची. लेखक पाच, त्यातल्या चौघांनी दोन दिवसांत होकार दिला, पाचव्याचा पत्ताच लागेना, आणि मौनाला संमती मानायला पोरगी तयार नव्हती. दुसरी वाट, ‘लिबसोडियम’ ही सुटसुटीत लायब्ररी. तिचं लायसन्स कुणाशीही भांडत नाही, पण तिला हवं होतं ते काम ती करतच नाही. तिसरी, ‘वुल्फएसएसएल’, जीपीएल पाळा नाहीतर पैसे भरा. कंपनीची पैशांची तयारी नव्हती. शेवटी ‘एम्बेड टीएलएस’. ती अपाची किंवा जीपीएल, ज्याला जे हवं त्या चिठ्ठीखाली मिळते. बदलायला तिला चार दिवस लागले.

“आणि मॅनेजर?” मी विचारलं.

“त्याला म्युनिकची केस पाठवली,” म्हणाली. २००४ मध्ये म्युनिकच्या कोर्टानं जीपीएलची अट न पाळणाऱ्या एका राऊटर कंपनीविरुद्ध निकाल दिला होता. ते मी तिला सांगितलं नव्हतं, तिनंच शोधून काढलं. मला जास्त आवडलं ते तिचं दुसरं वाक्य. “तसंही मामा, तो कोड आपण बिल्ट नाही केला ना. ज्यांनी केला त्यांनी विचारलंय एक गोष्ट, ती तरी करू.”

अट नेहमी कोडवरच असते असंही नाही, कधी ती गणितावरच असते. मिसिसॉगाची ‘सर्टिकॉम’ आठवतेय? १९८५ मध्ये वॉटर्लू विद्यापीठाच्या स्कॉट व्हॅनस्टोन आणि सहकाऱ्यांनी काढलेली कंपनी. ‘एलिप्टिक कर्व्ह’ नावाच्या एन्क्रिप्शनमध्ये त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि त्यांच्याकडे पेटंटांची थप्पीच होती. २००३ मध्ये अमेरिकेच्या एनएसएनं त्यातली २६ पेटंटं वापरायला अडीच कोटी डॉलर मोजले. २००९ मध्ये ब्लॅकबेरीवाल्या ‘रिसर्च इन मोशन’नं ती कंपनी सुमारे तेरा कोटी डॉलरना विकत घेतली. इकडे मुक्त सॉफ्टवेअरमध्ये काय झालं? ओपनएसएसएलमध्ये हा कोड आला होता, लायसन्सचा प्रश्न नव्हता, पण पेटंटांच्या धास्तीनं रेड हॅट आणि फेडोरानं कित्येक वर्षं तो भाग कापूनच लायब्ररी वाटली. २०१३ मध्ये कुठे फेडोरात तो परत आला. चारशे-एकवरून जाताना मिसिसॉगातल्या काचेच्या इमारती दिसतात. त्यातल्याच एकीतल्या फायलींनी जगभरच्या लिनक्सचं एक कुलूप अडवून ठेवलं होतं.

आपल्या भाषेलाही हे चुकलेलं नाही. पुण्यातल्या रेड हॅटच्या लोकांनी सांभाळलेले ‘लोहित’ फॉन्ट ज्यांनी लिनक्सवर मराठी वाचलं त्यांच्या ओळखीचे आहेत. ते आधी जीपीएलखाली होते. पण फॉन्ट एखाद्या दस्तऐवजात गुंफला तर त्या दस्तऐवजालाही जीपीएल लागू होतं का, असला प्रश्न निघतो. २०११ मध्ये ते फॉन्टसाठीच असलेल्या ओपन फॉन्ट लायसन्सखाली आणले गेले. अंकाची मांडणी करणाऱ्यांना आता ती काळजी नाही.

शेवटी एक छोटं काम सांगतो, फराळ झाल्यावर करून बघा. घरातला टीव्ही, प्रिंटर, राऊटर किंवा जुना फोन घ्या. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ आणि मग ‘लीगल’ किंवा ‘ओपन सोर्स लायसन्सेस’ असं काहीतरी असतं. उघडा आणि बोटानं खाली खाली जा. बारीक अक्षरातली शेकडो पानं आहेत, कुणी वाचत नाही. पण बऱ्याच उपकरणांत त्या गर्दीत एक वाक्य सापडतं, की यात एरिक यंग यांनी लिहिलेलं एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर आहे. नवीन ओपनएसएसएलमध्ये ती सक्ती उरलेली नाही. जुनी उपकरणं अजून ती पाळतात.